होळी ते आखाजी : पक्ष्यांच्या नोंदींचा खान्देशी रोजमेळ

जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात. तेथून खाली हतनूरचे धरण आहे. पावसाळ्यात या धरणाचे ४१ दरवाजे उघडले की त्याची बातमी सर्व वृत्तपत्रांत येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच जलाशयावर दुसरी एक घटना घडते, ती मात्र कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. हिवाळाभर मुक्कामाला असलेली तलवार बदके, थापटे, चक्रवाक, क्वचित एखादा पट्टकादंबांचा थवा, हे सर्व पाहुणे निरोप न घेता निघून जातात. मध्य आशिया, तिबेट, सैबेरिया अशा दूरच्या प्रदेशांकडे त्यांचा प्रवास सुरू होतो. काल पाण्यावर जेथे काळे ठिपके पसरलेले होते, तेथे आज मोकळे पाणी असते.

पक्षी आला त्या दिवसाची नोंद करणे सोपे असते, कारण तो दिसतो. गेला त्या दिवसाची नोंद करणे अवघड. पक्षी गेला हे तो न दिसण्यावरूनच कळते, आणि न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. त्यासाठी कोणीतरी रोज पाण्यावर जावे लागते आणि 'आज दिसला नाही' असे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागते. एकट्याच्याने हे होत नाही. वरणगाव-भुसावळकडचा माणूस सोमवारी गेला, जळगावचा गुरुवारी, रावेरचा रविवारी, आणि तिघांनी आपापली नोंद एकमेकांस कळवली, तरच अखेरच्या तलवार बदकाची तारीख हाती लागते. वसंतातील पक्षिनिरीक्षण हा या अर्थाने भागीदारीचा व्यवहार आहे.

हे भागीदार म्हणजे शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि दुकान उघडण्यापूर्वीचे दोन तास मोकळे असणारे व्यापारीही. हतनूरवर वरणगावच्या चातक निसर्ग संवर्धन संस्थेच्या कार्यकर्त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. जळगावकरांना मेहरूण तलाव आणि वाघूर धरण जवळचे, धुळेकरांना नकाणे व डेडरगावचे तलाव आणि लळिंगचे कुरण. पूर्वी या मंडळींच्या नोंदी पोस्टकार्डावर किंवा प्रत्यक्ष भेटीत फिरत. आता त्या मोबाइलवर काही क्षणांत फिरतात. वेग वाढला, अचूकता त्या प्रमाणात वाढली का, हा प्रश्न पुढे येईलच.

खान्देशात वसंत कोठून कोठपर्यंत मोजायचा? पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख. पण तापीकाठी वैशाखात वसंताचे नाव घ्यायला जीभ धजत नाही. भुसावळ-जळगावचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पक्षिनिरीक्षकांचा वसंत होळीला, पळस फुलताना सुरू होतो आणि आखाजीला, माहेरवाशिणींचे झोके निंबावर चढतात तेव्हा, संपत येतो.

या दोन सणांच्या मध्ये सर्वांत गाजणारा पाहुणा म्हणजे भोरडी, जिला पळसमैना असेही म्हणतात. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख आणि डोक्यावर मागे पडणारा तुरा. पाहण्यास देखणी, पण दादर ज्वारीच्या शेतकऱ्याला विचारावे, तो काय सांगेल! कणीस भरले की भोरड्यांचा थवा वावरावर उतरतो आणि माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराची गोफण दिवसभर थांबत नाही. ज्वारीची कापणी झाली की हेच थवे पळस, काटेसावर आणि पांगारा यांच्या फुलांवर जातात. फुलांतील मध पिताना त्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि तो एका झाडाचा दुसऱ्या झाडास पोहोचतो. एका हाताने नुकसान, दुसऱ्या हाताने फेड, असा हा हिशेब आहे.

या हिशेबाची तिसरी बाजू तर आपल्या नजरेच्या पलीकडेच असते. भोरडी आपल्याकडे पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टपासून येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत परत जाते. तिची वीण पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात होते, आणि तेथे ती पिलांना प्रामुख्याने टोळ व नाकतोडे भरवते. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळांचा उपद्रव कमी व्हावा म्हणून भोरड्यांना घरटी करता यावीत यासाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचून ठेवतात. आपल्या राखणदाराची गोफण आणि तेथील दगडांची रास, दोन्ही एकाच पक्ष्यासाठी! भोरड्या केव्हा निघाल्या याची तारीख धुळ्याच्या माणसाने लिहिली, तर ती केवळ धुळ्याची राहत नाही ती यामुळे.

जाणारे जातात तेव्हा राहणाऱ्यांची वीण सुरू झालेली असते. तापीचे पाणी उतरले की वाळूची बेटे उघडी पडतात, कडेला डांगरवाड्या लागतात, आणि त्याच वाळूवर नदीसुरय उघड्यावर अंडी घालतो. घरटे म्हणजे केवळ वाळूतील एक खळगा. वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटले किंवा डांगर राखणाऱ्याचा कुत्रा तिकडे वळला, की हंगाम बुडाला. टिटवी तर शेताच्या बांधावर, कधी घराच्या गच्चीवरही अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस चांगला आणि खोलगट जागी घातली तर बेताचा, हा आडाखा गावोगाव सांगितला जातो. तो खरा की खोटा हे ठरविण्याचा एकच मार्ग आहे: वर्षानुवर्षे अंड्यांची जागा लिहून ठेवणे आणि पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहणे. आडाखा सांगणारे पुष्कळ, ताडून पाहणारे थोडे.

आखाजीच्या सुमारास पावशाची हाक चढू लागते. 'पेर्ते व्हा' असे ती शेतकऱ्याला सांगते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो आपल्या विणीच्या हंगामासाठी ओरडत असतो, पण त्याचा हंगाम आणि आपला खरीप जवळजवळ जुळतात, म्हणून समजूतही टिकून आहे. त्याच्यामागून, मे अखेर आणि जूनच्या आरंभी, आफ्रिकेकडून येणारा चातक. मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे तो येतो हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण कोणत्या जिल्ह्यात कोणत्या तारखेला, हे कोणी एकत्र करून पाहिले नव्हते. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' या उपक्रमाने देशभरच्या सामान्य माणसांकडून स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या व गमनाच्या तारखा मागवल्या आणि त्यांत चातकाच्या पहिल्या दर्शनासाठी स्वतंत्र आवाहन केले. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेला जे जमत नव्हते, ते पत्त्यापत्त्यावरून आलेल्या छोट्या छोट्या नोंदींनी जमू लागले.

आज बहुतेक नोंदी 'ई-बर्ड' या व्यवस्थेत जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ती २००२ मध्ये सुरू केली. तिची रीत व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. कोठे, केव्हा, किती वेळ, किती अंतर चालून, हे प्रथम लिहायचे. मग दिसलेला प्रत्येक पक्षी संख्येसह लिहायचा. आवडता लिहिला आणि कावळा-साळुंकी सोडून दिली असे चालत नाही. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेल्या नावालाही किंमत येते. हंगामाबाहेरची किंवा त्या भागात न आढळणारी नोंद आली की जाणकार स्वयंसेवक ती तपासतात, छायाचित्र किंवा वर्णन मागतात, आणि पुरावा अपुरा वाटल्यास ती विश्लेषणासाठी धरत नाहीत. बँकेतील लेखापरीक्षक जसा शंकास्पद नोंदीपुढे लाल पेन्सिलीने खूण करतो, तसाच हा प्रकार. काहींना त्याचा राग येतो. 'मी डोळ्यांनी पाहिले, तरी माझ्यावर विश्वास नाही?' असे ते म्हणतात. विश्वासाचा प्रश्न नसतो, व्हाउचरचा असतो.

अशा नोंदींचे वजन किती, याचे उत्तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात मिळते. सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार करून १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने अग्रक्रम दिला गेला. यांतील बहुतेक नोंदी कोणाच्या पगारावर झालेल्या नाहीत.

पण एक चुकीची, त्याहून वाईट म्हणजे एक खोटी नोंद काय करू शकते, याचे जगातील एक ठळक उदाहरण खान्देशाच्याच मातीत घडले आहे. ते प्रत्येक खान्देशी माणसाला ठाऊक असायला हवे, आणि आश्चर्य म्हणजे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो. त्याआधी ते हिंदुस्थानातील सर्वांत मोठे पक्षिअभ्यासक होते आणि 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक चालवीत. देशभरचे अधिकारी त्यांना नोंदी व नमुने पाठवीत. पक्षिनोंदींची देवाणघेवाण म्हणतात ती हीच, फक्त टपालाने होणारी. १८७२ च्या अखेरीस आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागातून ब्लेविट यांनी पाठविलेल्या एका लहान घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. तोच हा रानपिंगळा.

त्यानंतर या घुबडाचे सर्वाधिक नमुने मिळाले ते खान्देशात. जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी त्या काळी या जिल्ह्यात नेमणुकीस होता. तेव्हा पूर्व-पश्चिम असा भेद नव्हता. खान्देश हा एकच जिल्हा होता आणि धुळे त्याचे ठाणे. डेव्हिडसनने पश्चिम खान्देशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. खान्देशच्या पक्ष्यांची आजची प्रत्येक यादी त्या यादीची वारसदार आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याकडील जंगलात त्याला रानपिंगळा मिळाला. १८८४ नंतर मात्र नमुने थांबले. ह्यूम यांची शिमल्यातील वर्षानुवर्षांची हस्तलिखिते कोणीतरी रद्दी म्हणून बाजारात विकली. त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. जगभरच्या संग्रहालयांत या घुबडाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने शिल्लक राहिले.

पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याकडे या घुबडाचा एक नमुना असल्याचे सांगितले. त्यावरील चिठ्ठीप्रमाणे तो त्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे गुजरातेत, मिळविलेला होता. नावाजलेला माणूस, मोठा संग्रह. कोण शंका घेणार? शोध घेणाऱ्यांच्या नकाशावर मांडवीचा ठिपका पडला. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो मिळाला नाही. हळूहळू तो नामशेष झाला असावा असे लोक बोलू लागले.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासायला घेतले. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची, शिवण्याची एक लकब असते, जशी प्रत्येक मुनिमाच्या अक्षराची असते. माइनर्ट्झहागनच्या घुबडात त्याची स्वतःची लकब वरवरची होती; आत मात्र दुसऱ्याच कोणाच्या हाताच्या खुणा होत्या. त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्युझियममधून खान्देशचा नमुना उचलून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून तो 'मांडवीचा' करण्यात आला होता! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सर्व प्रकार १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. हा गृहस्थ अशा हातचलाखीबद्दल आधीही संशयित होता आणि एकदा म्युझियमने त्याला पक्षिविभागात येण्यास बंदीही केली होती, हे त्यानंतर अनेकांना आठवले.

खोटी नोंद खोडली गेली आणि खऱ्या नोंदी उरल्या: छत्तीसगड-ओडिशाकडचा पट्टा आणि खान्देश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले. पूर्वेकडे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या नोंदीच्या मागाने शहाद्याकडे आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात, उजेडात, निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी! नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. म्हणजे हा शोध त्या दिवशीच्या हिशेबाने धुळे जिल्ह्याच्या खात्यात जमा आहे.

दिवसा वावरणारे घुबड म्हणून हा पक्षी पाहणाऱ्याला सोपा वाटतो, आणि येथेच गल्लत होते. आपल्या घराजवळच्या वडा-चिंचेवरचा नेहमीचा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे असते, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोट बरेचसे पांढरे असते आणि चोच व पाय अंगाच्या मानाने दणकट दिसतात. मोबाइलवर 'रानपिंगळा दिसला' म्हणून आलेले छायाचित्र पाहावे तर डोक्यावर ठिपकेच ठिपके! अशा वेळी नोंद करणाऱ्याला शांतपणे 'पुन्हा पाहा' म्हणावे लागते. चुकणारा खोटे बोलत नसतो, पण कागदावर उतरल्यावर चूक आणि लबाडी यांचा परिणाम सारखाच होतो.

१९९७ नंतर रानपिंगळा यावल अभयारण्यात, मेळघाटात, मध्य प्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूरच्या सागाच्या जंगलांत, गुजरातच्या डांगमध्ये आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याची वर्गवारी 'अतिशय संकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी एक पायरी खाली आली. पक्षी वाढले म्हणून हे झाले असे समजू नये. बऱ्याच अंशी पाहणारे आणि लिहिणारे वाढले म्हणून झाले. सातपुड्यातील जंगलतोड, झाडांच्या ढोली नाहीशा होणे, ही संकटे जागच्या जागी आहेत.

आणि पाहणारे वाढले, हेच आता एक संकट होऊ पाहत आहे. रानपिंगळ्याच्या विणीचा काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका पक्षिनिरीक्षकांच्या हंगामाचा. ढोलीची जागा समूहावर टाकली की पुढच्या रविवारी तेथे चार गाड्या उभ्या राहतात. कोणी मोबाइलवरून घुबडाची हाक वाजवतो, कोणी फांदी छाटून 'दृश्य मोकळे' करतो. जोडी घाबरून ढोली सोडते. छायाचित्राला मात्र शेकडो अंगठे मिळतात. दुसरे भय त्याहून गडद आहे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचा चोरटा व्यापार होतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी तो थांबलेला नाही. त्या व्यापारातल्या माणसाजवळही मोबाइल असतो.

म्हणून पक्षिनिरीक्षकांत एक जुना वाद नव्याने पेटला आहे. एक पक्ष म्हणतो, नोंद लपविली तर जंगल वाचविण्यासाठी पुरावा कोठून आणायचा? रस्ता, खाण किंवा धरण यांचा प्रस्ताव आला की 'येथे अमुक पक्षी आहे' हे कागदावर दाखवावे लागते. दुसरा पक्ष म्हणतो, पुरावा गोळा होईपर्यंत पक्षीच उरला नाही तर? दोघांचेही खरे आहे. व्यापारी माणसाला यातून वाट सुचणे अवघड नसावे, कारण पेढीवर हिशेब उघडा आणि तिजोरीची किल्ली बंद हे दोन्ही एकाच वेळी चालते. ई-बर्डवर काही संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण सर्वांस दिसत नाही. नोंद जमा होते, पत्ता झाकला जातो. गावपातळीवरच्या समूहांनीही हीच शिस्त धरली पाहिजे: पक्षी, दिनांक आणि तालुका सर्वांसाठी, ढोलीचे झाड वनखात्यासाठी आणि दोन-तीन जबाबदार माणसांसाठी. भोरडीचा पत्ता लपवून उपयोग नाही, रानपिंगळ्याचा सांगून उपयोग नाही.

आणखी एक काम मागे पडले आहे, आणि ते या अंकाच्या वाचकांच्या घरातले आहे. खान्देशातील जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर वडील-आजोबांच्या रोजनिशा, जुने रोजमेळ बांधून ठेवलेले असतात. त्यांत कापसाच्या भावाबरोबर पहिल्या पावसाची तारीख, कैरी केव्हा धरली, ज्वारीवर पाखरे केव्हा पडली, अशा ओळी अधूनमधून सापडतात. 'पाखरे' म्हणजे भोरड्याच असे लगेच मानू नये. संशय असेल तर 'पाखरे' एवढेच उतरवून घ्यावे. जेथे नाव, गाव आणि तिथी स्पष्ट असेल, तेथे ती नोंद मागील तारखेनेही ई-बर्डमध्ये भरता येते. तिथीचा इंग्रजी दिनांक जुन्या पंचांगावरून काढावा लागेल, आणि हे काम घरातील शाळकरी मुले व आजोबा मिळून एका सुटीत करू शकतात.

सुटीला अजून अवकाश असेल, तर तोवर सकाळी साडेसहाला मेहरूणच्या किंवा नकाण्याच्या काठावर पंधरा मिनिटे उभे राहावे. वहीत गाव, दिनांक, वेळ लिहावी. जे दिसेल ते मोजून लिहावे. बदके दिसली नाहीत, तर तसे लिहावे.